डॉक्टर, तुमचा वर्ग कुणाच्याच खात्यात बसला नाही

डॉक्टर,

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि मला रडू कमी येतंय, राग जास्त. हार घातलेल्या फोटोशी भांडता येत नाही, लोक बघतात. म्हणून इथं भांडतो. तुम्हाला भांडण चालायचंच. अट एकच असायची, आवाज खाली ठेवायचा. आज ती अट मी पाळणार नाही.

आपल्याला न ओळखणाऱ्यांसाठी एवढं पुरे की शिरूर तालुक्यातल्या एका फाउंड्रीत तुम्ही कारखान्याचे डॉक्टर होता आणि मी तिथला सेफ्टी ऑफिसर. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालेला भाग फोडून काढायचा, त्याच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या, हे तिथलं काम. माणूस दुखला की तुमच्याकडं, मशीन बिघडलं की माझ्याकडं. तुमचा दवाखाना गेटपाशी, माझी केबिन कॅन्टीनच्या मागं. मधला रस्ता काही फार लांब नव्हता. पण तुमच्या आधीचे डॉक्टर त्या रस्त्यानं कधी आले नाहीत, आणि मलाही कुणी तिकडं जायला शिकवलं नव्हतं.

तुम्ही आलात. हेल्मेट उलटं घालून आलात, पोरं तोंड फिरवून हसत होती. "जगताप, घासायच्या विभागात जरा नेता का?"

मला ते आवडलं नव्हतं. माझ्या हद्दीत कुणी नाक खुपसलं की मला तेव्हाही चालत नव्हतं, आताही चालत नाही. मी म्हणालो, "डॉक्टर, तिथं तुमचं काय काम? पेशंट तुमच्याकडं चालत येतोय की."

"पेशंट येतो. धूळ येत नाही. ती बघायला मलाच जायला हवं."

मग तुम्ही त्या विभागात ग्राइंडरच्या ठिणग्यांपाशी इतका वेळ उभे राहिलात की शेवटी तुम्हालाच ठसका लागला. तुम्ही रुमाल काढलात, खिडकीची पट्टी पुसलीत, रुमालाकडं बघितलंत आणि तो घडी करून खिशात ठेवलात. काही बोलला नाहीत. बोलला असतात तर मी वाद घातला असता.

तिथं बबन काम करायचा. मूळचा भांडगावचा. आज्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडा ऊस, थोडा कांदा. बायको-पोरं गावी आणि हा कारखान्याजवळ खोली करून. वर्षापेक्षा जास्त खोकत होता. सुट्टीला गेला की दौंडच्या दवाखान्यात जायचा. तिथं फोटो काढला, छातीत डाग दिसले, टीबीची औषधं सुरू झाली. कोर्स झाला, खोकला राहिला. पुन्हा औषधं. काय काम करतोस असं त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, कंपनीत हाय. तेवढ्यावर भागलं. कंपनीत म्हणजे कशात, हे कुणी विचारलं नाही.

आपल्या दवाखान्यात कमल सिस्टर होत्या, अजूनही आहेत. खोकल्याचं औषध न्यायला येतात ती सगळी एकाच विभागाची माणसं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आधीच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलंही होतं. डॉक्टर म्हणाले, थंडीचे दिवस आहेत. इकडं मी बाहेरची माणसं बोलावून त्याच विभागातली धूळ मोजून घेतली होती. ती मर्यादेच्या वर होती. धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवा म्हणून मी मागं लागलो होतो आणि पुढच्या वर्षी बघू हे उत्तर दर वर्षी ऐकत होतो. माझ्याकडं धूळ होती, सिस्टरांकडं खोकला, दौंडच्या डॉक्टरांकडं फुप्फुसाचा फोटो. एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं.

तुम्ही सिस्टरांना आणि मला दवाखान्यातल्या एका बाकावर बसवलंत, बबनला समोर खुर्ची दिलीत आणि त्याच्यादेखत सगळं एकत्र मांडलंत. हा टीबी नाही, वाळूची बारीक धूळ छातीत बसलीय. बबननं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजी तुमा समद्यांना थोडंथोडं ठावं व्हतं?"

त्यानं आधी तुमच्याकडं, मग सिस्टरांकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"मग एकमेकाला सांगाया काय झालं व्हतं?"

तो गेल्यावर तुम्ही बाहेर सायकल स्टँडपाशी आलात आणि तुमचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मला शिकवलं, तुम्हाला शिकवलं, सिस्टरना शिकवलं. सगळ्यांना याच माणसासाठी शिकवलं ना? मग एक दिवस, एक दिवससुद्धा, आपल्याला एका वर्गात का नाही बसवलं हो?"

तुमचा वर्ग त्या स्टँडवर सुरू झाला. लोक सांगतात की तो कंपनीच्या दूरदृष्टीतून सुरू झाला. तेही सांगतो, थांबा.

तळेगाव ढमढेऱ्यात सोसायटीचा हॉल मिळाला. शिरूरकडच्यांना सोयीचा, दौंडकडच्यांना लांब, तरी ते न्हावऱ्यावरून जीप करून यायचे. महिन्यातला एक रविवार. कारखान्यांचे डॉक्टर, गावातले दवाखानेवाले, सिस्टर, आमच्यासारखे सेफ्टीवाले, एक फिजिओथेरपीवाली मुलगी. पहिल्या दिवशी डॉक्टर पुढच्या खुर्च्यांवर, सिस्टर भिंतीला टेकून, आणि आम्ही सेफ्टीवाले दाराशी, फोन आला तर बाहेर जाता यावं म्हणून. तुम्ही सरळ गट पाडलेत. प्रत्येक गटात एक डॉक्टर, एक सिस्टर, एक आमच्यातला. "एक पेशंट आहे आणि एक मशीन आहे. उत्तर तिघांनी मिळून द्यायचं. एकट्यानं दिलं तर बरोबर असलं तरी चूक धरणार."

दौंडचे ते डॉक्टर, बबनला औषधं देणारेच, तडकले. "म्हणजे रोगाचं निदान मी आता सिस्टरकडून शिकायचं का?"

"निदान तुम्हीच करा," तुम्ही म्हणालात. "पण पेशंट दिवसभर कुठं उभा असतो, ते त्यांना विचारा. आणि त्यांना माहीत नसेल तर तिघं मिळून जाऊन बघा."

कमल सिस्टरांनी आम्हालाही सोडलं नाही. "ह्या सेफ्टीवाल्यांना मशीनचं समदं बटन ठावं. मशीनीम्होरं उभ्या माणसाला पाठ असती, ती दुखती, ते न्हाई ठावं." सगळे हसले. फिजिओथेरपीवाली मुलगी सगळ्यात जोरात हसली.

एका रविवारी तुम्ही डॉक्टरांना आमचे रबरी मास्क घालायला लावलेत आणि हॉलचा जिना चढउतार करायला सांगितलंत. दौंडच्या डॉक्टरांनी दुसऱ्या फेरीला मास्क ओढून काढला. चेहरा घामानं भिजलेला. "हे घालून माणूस पूर्ण पाळी काम करतो?"

मी म्हणालो, "नाही करत. काढून ठेवतो. मग आम्ही त्याला मेमो देतो."

ते माझ्याकडं बघत राहिले आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. त्याच दिवशी तुम्ही माझ्या कानाला स्टेथोस्कोप लावलात. बबन स्वतःहून आला होता, शर्ट काढून बसला होता. मला वाटलं होतं, आत काहीतरी भयंकर आवाज येत असेल. तसलं काही नव्हतं. श्वास आत जायचा आणि लगेच परतायचा, एवढंच. बबन म्हणाला, "ऐकू आलं का साहेब? आता मोठ्या साहेबांनाबी ऐकवा."

ऐकवलं. यंत्रणेसाठी मी एकटा प्लांट हेडकडं गेलो की ते म्हणायचे, मेडिकल काय म्हणतंय बघा. सिस्टर गेल्या की म्हणायचे, हे सेफ्टीचं काम आहे. तुम्ही गेलात की म्हणायचे, डॉक्टर, तुम्ही तब्येतीचं बघा. त्या वेळी आपण तिघं एकदम केबिनमध्ये शिरलो. टोलवायला चौथं दार उरलं नव्हतं. धूळ ओढणारे पाइप बसले. बबनला ग्राइंडरवरून काढून स्टोअरला दिलं, पगाराला हात न लावता. त्याचं गेलेलं फुप्फुस परत आलं नाही, हे तुम्ही मला कधी विसरू दिलं नाहीत. पण त्याच्या जागी जे उभे राहिले, ते आज खोकत नाहीत. आणि दौंडचे ते डॉक्टर आता प्रत्येक खोकणाऱ्याला विचारतात, कंपनीत म्हणजे नेमकं काय करतोस, दाखव हातानं. हे मला त्यांच्या पेशंटनंच सांगितलं, कौतुकानं नव्हे, वैतागून. लई प्रश्न इचारत्यात म्हणे.

यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले. मी कधी मानले नाहीत, कारण आपलं त्या सुनीलवरून बिनसलं होतं.

सुनील बिहारचा, ठेकेदाराचा माणूस. ग्राइंडर धरून धरून त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या, सकाळी बोटं पांढरी पडायची, पकड सुटायची. तो तुमच्याकडं आला आणि, हे मला नंतर कळलं, हात जोडून म्हणाला, "साहब को मत बताइए, ठेकेदार घर भेज देगा." तुम्ही मला फक्त एवढं म्हणालात, "जगताप, त्या विभागातले हातातले ग्राइंडर बघा. थरथर जास्त आहे."

मी विचारलं, "कुणाला त्रास होतोय?"

"ते नाही सांगणार."

"नाव सांगितल्याशिवाय कुठलं मशीन बघू? सगळी बघत बसलो तर महिना जाईल."

"मग महिना लावा. पण नाव त्याचं आहे, माझं नाही. मी कसं देऊ?"

मी मशीनं तपासत असतानाच सुनीलच्या हातून ओतीव भाग निसटला आणि त्याच्या पायाची बोटं चेंगरली. मी दवाखान्यात आलो आणि सिस्टरांदेखत तुमच्यावर ओरडलो. "तुम्ही नाव सांगितलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी तिथून हलवला असता!"

तुम्ही त्याच्या पायाला पट्टी बांधत होता. मान वर न करता म्हणालात, "तुम्ही हलवला असता हो. पण कुठं? दुसऱ्या कामावर, की गेटच्या बाहेर? ते तुमच्या हातात होतं का?"

माझ्या हातात नव्हतं. तरीही डॉक्टर, तुम्ही चुकलात असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. त्याला घेऊन आपण तिघं बसायला हवं होतं, बबनसारखं. तुम्ही त्याला अजून एकदा विचारायला हवं होतं, समजवायला हवं होतं. तुम्ही म्हणायचात, घाबरलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्याला होय म्हणायला लावणं. मी म्हणायचो, त्याच्या भीतीपेक्षा त्याचा पाय मोठा. जिथं भेटलो तिथं हेच. शिरूरच्या स्टँडवर चहा पितानासुद्धा हेच. भांडण मिटलं नाही आणि तुम्ही निघून गेलात. हे बरोबर केलं नाहीत.

पण माझा खरा राग तुमच्यावर नाही.

तुमचा वर्ग चालू राहावा, त्याला कुणाची तरी मान्यता मिळावी म्हणून तुम्ही मला घेऊन पुण्याला एकेक कार्यालय चढलात. डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचे गुण देणारे म्हणाले, यात डॉक्टर नसलेले लोक शिकवतात, बसत नाही. सेफ्टीवाल्यांच्या प्रशिक्षणाचं बघणारे म्हणाले, हा वैद्यकीय विषय दिसतो, बसत नाही. नर्सिंगकडं तर बाईंनी तुमचं सगळं ऐकून घेतलं, हसून चहा दिला आणि म्हणाल्या, "सर, कल्पना फार छान आहे. पण आमच्या हेडखाली येत नाही." एकच माणूस खोकतो, आणि त्याच्याबद्दल एकत्र शिकायचं म्हटलं तर ते कुणाच्याच हेडखाली येत नाही! तुम्ही त्या चहाचे आभार मानलेत. मी कप तसाच ठेवून उठलो. जिन्यात तुम्ही मला म्हणालात, "चहानं काय वाकडं केलं होतं?" मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

मग कारखान्यातून शेवटचा घाव बसला. आमच्या एचआरच्या साहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं. मी शेजारीच उभा होतो. "डॉक्टर, आयडिया ग्रेट आहे. पण आपल्या केसेस बाहेरच्या लोकांसमोर डिस्कस होतात, हे मॅनेजमेंटला कम्फर्टेबल वाटत नाही." तुम्ही सांगितलंत की कुणाचं नाव घेत नाही, कारखान्याचं तर मुळीच नाही. बबन आला तो स्वतःच्या मर्जीनं. साहेब मान डोलवत राहिले. पुढच्या आठवड्यात सिस्टरांना आणि मला सांगण्यात आलं की रविवारी तिकडं जायचं नाही. दुसऱ्या कारखान्यांनी हेच उचललं. त्या रविवारी तुम्ही हॉल उघडून एकटेच बसलात म्हणे. सोसायटीच्या शिपायानं सांगितलं. सतरंजीसुद्धा तुम्हीच गुंडाळून ठेवलीत.

तुम्ही एकदाही शब्दानं बोलला नाहीत. डॉक्टर, चांगुलपणालाही काही मर्यादा असते की नाही?

आणि आता तुमच्या शोकसभेचं ऐका. डॉक्टर मंडळींनी त्यांची वेगळी घेतली, शिरूरला. आम्हाला बोलावणं नव्हतं. कारखान्याची ट्रेनिंग हॉलमध्ये झाली, स्टाफपुरती. सिस्टरांना ड्युटीवरून सोडलं नाही, तरी कमल सिस्टर युनिफॉर्मवरच येऊन दाराशी उभ्या राहिल्या. एचआरचे साहेब माइकवर आले. तुम्ही म्हणजे टीमवर्क, म्हणाले. वेगवेगळ्या लोकांना एका छताखाली आणण्याची तुमची तळमळ, म्हणाले, आणि कंपनीनं दूरदृष्टीनं तिला दिलेली साथ.

मी उठलो. ठरवून उठलो नाही, पाय आपोआप उभे राहिले. "साहेब, मग तो वर्ग बंद कुणी केला?"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "जगताप, ही वेळ नाही."

"कुठली वेळ मग? ते जिवंत होते तेव्हा तुम्ही रविवार बंद केलात. ते गेल्यावर त्याच रविवारचं श्रेय घेताय. बंद केला म्हणून सांगा ना, आमची काही तक्रार नाही. पण साथ दिली म्हणू नका. त्यांच्या फोटोसमोर तरी म्हणू नका."

"प्लीज बसा."

दारातून कमल सिस्टर म्हणाल्या, "खरं हाय ते, साहेब. मलाबी जायला बंदी केली व्हती. तुमीच केली." कुणीतरी घाईघाईनं जाहीर केलं की आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया. सगळे उभे राहिले. मी आधीच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून समज देण्यात आली. माझी बदली करणार असं ऐकतोय. करू देत. निमोण्यात माझं घर आहे, माझी माणसं आहेत, मी काही उघड्यावर पडणार नाही. पण एक सांगतो, ती समज ऐकताना पहिल्यांदा मला तुमचा राग आला नाही. पहिल्यांदा कळलं की तुम्ही तो चहा कसा गिळला असेल.

गेल्या रविवारी आम्ही तळेगावच्या हॉलवर जमलो. फोन सगळे कमल सिस्टरांनी केले. मला कुणी येईल असं वाटत नव्हतं. दौंडचे डॉक्टर आले, त्यांनी त्यांच्याबरोबर दोन तरुण डॉक्टर आणले. फिजिओथेरपीवाली मुलगी आली, तिचं आता लग्न झालंय, नवऱ्यालाही घेऊन आली. दोन-तीन कारखान्यांतले सेफ्टीवाले आले, कंपनीला न सांगता. बबन आला. त्याला हॉलचा जिना चढताना दोनदा थांबावं लागलं.

वर्ग सुरू कसा करायचा, कुणाला ठाऊक नव्हतं. तुमच्याविना कधी केलाच नव्हता. शेवटी मीच उठलो आणि सुनीलची केस मांडली, नाव न घेता. बोटांच्या मुंग्या सांगितल्या, चेंगरलेला पाय सांगितला, आणि सांगितलं की डॉक्टरांनी नाव लपवलं ते चुकीचं होतं. आवाज चढवून सांगितलं.

"अजिबात चुकीचं नव्हतं," कमल सिस्टर उठून म्हणाल्या. "पेशंटनं इश्वास टाकला व्हता. तुमी आज त्यो मोडा म्हनता, उद्या कोन येईल आमच्याकडं दुखनं घिऊन?"

दौंडचे डॉक्टर माझ्या बाजूनं बोलायला लागले, तर त्यांच्याच तरुण डॉक्टरांपैकी एकानं त्यांना मधेच तोडलं. बबन म्हणाला, "माझं नाव मी आपनहून दिलं. पन मी हितला हाय. त्यो पोरगा परमुलखातला. त्याचं भ्यॉव येगळं." फिजिओथेरपीवाली म्हणाली, मुळात ग्राइंडर कमी थरथरणारे का नव्हते, नाव शोधायची वेळच का आली? सगळे एकदम बोलायला लागले. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्याच कामाबद्दल बोलत होता.

मी तावातावानं तुमच्या नेहमीच्या जागेकडं वळलो, कारण आता तुम्ही काहीतरी म्हणणार आणि मला पुन्हा गप्प करणार, अशी माझी खात्री होती. तिथं शिपाई पाण्याची घागर घेऊन उभा होता.

तुम्ही हवे होता, डॉक्टर. मला हरवायला तरी.